आग रामेश्वरी, ग्राफिक्स कार्ड सोमेश्वरी!

गॅदरिंगचा महिना आला की आपल्या कॉलेजात दोन वाक्यं हमखास ऐकू येतात. एक, "सर, अटेंडन्सचं तेवढं बघा ना." आणि दुसरं, "यार, मशिन झेपत नाहीये." पहिल्या वाक्यावर बोलण्याचा मला काडीचाही नैतिक अधिकार नाही! दुसऱ्यावर मात्र आहे. गेली दोन वर्षं डिपार्टमेंटच्या व्हिडिओंचं एडिटिंग मी बघतोय. 'मशिन झेपत नाहीये' हे निदान आपण ज्या सहजतेनं करतो ते पाहून मला खरंच प्रश्न पडतो, की चार वर्षं इंजिनिअरिंग शिकतो म्हणजे आपण नेमकं काय शिकतो?

प्रसंग ठरलेला असतो. कुणीतरी डान्सची प्रॅक्टिस १२० फ्रेम्सवर शूट करून आणतं. क्लिप टाइमलाइनवर टाकायची, स्पेसबार दाबायचा, की चित्र अडखळायला लागतं. आवाज पुढे, पाय मागे. नाचणारी मुलगी स्टेजच्या या टोकावरून एकदम त्या टोकाला उगवते. मग खोलीतला प्रत्येक जण डॉक्टर होतो. "रॅम वाढव." "एसएसडी टाक." "ग्राफिक्स कार्डच बदल रे, त्याशिवाय काही खरं नाही." नाडी कुणी बघत नाही, थेट ऑपरेशन! आपल्याकडे याला फार जुनी म्हण आहे: आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

माझं म्हणणं साधं आहे. हाय फ्रेम रेटची क्लिप अडखळते तेव्हा बऱ्याचदा मशिन दुबळं नसतं. काम नेमकं कुठं अडतंय हे कुणी मोजलेलं नसतं. आधी मोजा, मग खर्च करा. हे वाक्य आपल्याला फर्स्ट इयरच्या वर्कशॉपमध्ये शिकवलं होतं: आधी व्हर्निअर, मग करवत. लॅपटॉपपुढे बसलं की ते आपण विसरतो. आणि विसरण्याची किंमत फक्त पैशात मोजावी लागत नाही, त्याबद्दल शेवटी बोलतोच.

आधी थोडा हिशोब

सिनेमा बोलायला लागला तेव्हा, म्हणजे १९२० च्या दशकाच्या अखेरीस, सेकंदाला २४ फ्रेम्स हा वेग पक्का झाला. आपला टीव्ही २५ वर चालत आला, कारण आपली वीज ५० हर्ट्झची. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची म्हणून तिथे ३०, आणि १९५३ मध्ये रंगीत टीव्हीचं मानक ठरल्यावर नेमकं सांगायचं तर २९.९७. पीटर जॅक्सनने २०१२ मध्ये 'द हॉबिट'चा पहिला भाग ४८ फ्रेम्सवर आणला, तर आंग लीने २०१९ चा 'जेमिनाय मॅन' १२० फ्रेम्सवर शूट केला. दोन्ही वेळा जगभर चर्चा झाली. आज आपल्यातल्या अनेकांच्या खिशातला फोन १२० काय आणि २४० काय, कँटीनच्या पायरीवर बसून घेतो. चांगलंच आहे. पण त्याचं बिल कुठेतरी फाटणारच ना!

ते बिल असं. २५ फ्रेम्सच्या व्हिडिओत प्रत्येक फ्रेम तयार करायला कॉम्प्युटरला ४० मिलिसेकंद मिळतात. १२० फ्रेम्सना मिळतात फक्त ८.३३ आणि २४० ला ४.१७. फुल एचडीची एक फ्रेम पूर्ण उलगडली की १९२० गुणिले १०८० गुणिले ३ बाइट, म्हणजे साधारण ६.२ एमबी होते. अशा १२० फ्रेम्स म्हणजे सेकंदाला जवळजवळ ७४६ एमबी. फोरकेसाठी याच्या चौपट, म्हणजे ३ जीबीच्या आसपास.

हे आकडे ऐकून वाटेल, की 'एसएसडी टाक' म्हणणारा बरोबरच होता. थांबा. डिस्कवरून एवढा माल येतच नाही. फाइल दाबलेली, म्हणजे कॉम्प्रेस केलेली असते. समजा फोनची एका मिनिटाची क्लिप ४८० एमबीची आहे. भागिले ६०, झाले सेकंदाला ८ एमबी! एवढं तर जुनी हार्ड डिस्कसुद्धा पान खात खात देते. यूएसबी २.० वरूनही सेकंदाला तीसेक एमबी येतात. एका भागाकारानं डिस्क निर्दोष सुटली. हा भागाकार कुणी केला? कुणीच नाही.

मग गळा कुठे आवळतो?

८ एमबीचे ७४६ एमबी करण्यात. यालाच डिकोडिंग म्हणतात. फोन आणि बरेचसे कॅमेरे एच.२६४ किंवा एचईव्हीसी या कोडेकमध्ये फाइल लिहितात. पहिलं २००३ चं, दुसरं २०१३ चं. दोन्हीची युक्ती एकच: प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहायचीच नाही. एक फ्रेम पूर्ण लिहायची आणि पुढच्या फ्रेम्समध्ये फक्त 'काय बदललं' तेवढं नोंदवायचं.

आपल्या भाषेत सांगतो. समजा टॉपरच्या वहीत पहिल्या पानावर पूर्ण नोट्स आहेत. दुसऱ्या पानावर फक्त 'मागच्या पानाची तिसरी ओळ बदला' असं लिहिलंय. तिसऱ्या पानावर 'आता सातवी बदला'. वही हलकी झाली, झेरॉक्सचे पैसे वाचले. पण परीक्षेच्या आदल्या रात्री तुम्हाला थेट सत्तावन्नावं पान हवं असेल, तर? पहिल्या पानापासून सगळे बदल लावत लावत यावं लागणार. एडिटिंग म्हणजे नेमकं हेच: इथे कापा, तिथे उडी मारा, दोन फ्रेम मागे जा. समजा पूर्ण फ्रेम सेकंदाला एकच आहे आणि वेग १२० चा आहे, तर उलटं प्ले करताना सॉफ्टवेअरला एका फ्रेमसाठी शंभरेक फ्रेम्स उलगडाव्या लागू शकतात. म्हणून तीच क्लिप साध्या प्लेअरमध्ये लोण्यासारखी चालते आणि एडिटिंगमध्ये गचके खाते. 'प्लेअरमध्ये चालते म्हणजे क्लिप चांगली आहे, सॉफ्टवेअर बोगस आहे' हा युक्तिवाद इथेच बाद होतो. प्लेअरला फक्त सरळ रेषेत पुढे जायचं असतं.

आता ग्राफिक्स कार्ड. डिकोडिंगचं काम कार्डातले गेम पळवणारे कोअर करत नाहीत. त्यासाठी कार्डात एक छोटा वेगळा भाग असतो आणि त्याला ठरावीक प्रकारच्याच फाइल्स कळतात. उदाहरणार्थ, चांगले कॅमेरे रंगाची माहिती जास्त ठेवणाऱ्या, ज्याला ४:२:२ दहा बिट म्हणतात, त्या प्रकारच्या फाइल्स लिहितात. एनव्हिडियाच्या कार्डांमध्ये ४:२:२ चं हार्डवेअर डिकोडिंग आलं तेच मुळी २०२५ च्या आरटीएक्स ५० मालिकेपासून. एचईव्हीसीच्या बाबतीत हेच काम इंटेलच्या काही प्रोसेसरमधलं बिल्ट-इन ग्राफिक्स त्याआधी काही वर्षं करत होतं. म्हणजे लाखाचं कार्ड बघत बसणार आणि ज्याला आपण 'ऑनबोर्ड आहे यार' म्हणून हिणवतो ते काम करणार. असा हा न्याय!

याचा अनुभव आम्ही घेतलाय. मागच्या फेस्टच्या वेळी भाड्याने आणलेल्या कॅमेऱ्याचं फुटेज आमच्या डेस्कटॉपवर अजिबात हलत नव्हतं. एका दुकानातून नव्या कार्डाचं कोटेशनही आलं. आकडा सांगत नाही, पण त्यात एका मुलाची वर्षभराची मेस भागली असती. मी सेक्रेटरीला म्हटलं, दहा मिनिटं दे. विंडोजचा टास्क मॅनेजर उघडला. त्यात जीपीयूच्या पानावर 'व्हिडिओ डिकोड' नावाचा वेगळा ग्राफ असतो. क्लिप प्ले केली. सीपीयू शंभर टक्के आणि तो ग्राफ शून्यावर आडवा! कार्ड आजारी नव्हतं, त्याला काम कळतच नव्हतं. कोटेशनमधलं कार्ड त्याच मालिकेतलं थोडं वरचं होतं, म्हणजे त्यालाही कळलं नसतं. त्या रात्री प्रॉक्सी बनवायला लावल्या, सकाळी त्याच डेस्कटॉपवर काम सुरू झालं. कोटेशन अजून ड्रॉवरमध्ये आहे.

टाइमलाइनचा घोळ

दुसरा मोठा घोळ मशिनमध्ये नसतो, कीबोर्डपुढे बसलेल्या माणसात असतो. प्रीमियरमध्ये पहिली क्लिप ओढून नवा सिक्वेन्स बनवला की सिक्वेन्स त्या क्लिपचा वेग घेतो. क्लिप १२० ची असेल तर टाइमलाइनही १२० ची. आता तिच्यावर टायटल टाका, रंग सुधारा, ट्रान्झिशन लावा, प्रत्येक गोष्ट सेकंदाला १२० वेळा. आणि बघताय कशावर? ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर, जी सेकंदाला ६० च्या वर चित्रं दाखवूच शकत नाही! अर्धी मेहनत थेट गटारात.

याच्या उलटही होतं. टाइमलाइन २५ ची आहे आणि १२० ची क्लिप नेहमीच्याच वेगानं टाकली. वाटतं, आता भार कमी झाला. पण मघाची वही आठवा. मधली पानं दाखवायची नसली तरी बहुतेक वाचावी तर लागतातच. डिकोडिंग जवळजवळ १२० चंच होतं, दिसतात मात्र २५.

मग बरोबर काय? स्वतःला विचारा, की १२० वर शूट का केलं होतं? स्लो मोशनसाठीच ना! मग सॉफ्टवेअरला तसं सांगा. प्रीमियरमध्ये 'इंटरप्रिट फुटेज', दा विंची रिझॉल्व्हमध्ये 'क्लिप अ‍ॅट्रिब्यूट्स'. तिथे १२० च्या जागी २५ लिहा. आता प्रत्येक फ्रेम वापरली जाते, क्लिप ४.८ पट लांबते, स्लो मोशन तुपासारखं गुळगुळीत येतं. आणि गंमत पाहा, मशिनला प्रत्येक फ्रेमसाठी ८.३३ ऐवजी ४० मिलिसेकंद मिळायला लागतात! तेच मशिन, तीच क्लिप, शून्य रुपये खर्च. यापेक्षा स्वस्त अपग्रेड मला तरी माहीत नाही.

तिसरा आरोपी फोन. फोन उजेड आणि तापमान बघून फ्रेम रेट मधेच कमी-जास्त करतो. १२० लिहिलं असलं तरी प्रत्येक फ्रेममधलं अंतर सारखं असेलच असं नाही. याला व्हेरिएबल फ्रेम रेट म्हणतात. एडिटिंग सॉफ्टवेअर ठोक्यावर चालणारं असतं, त्याला हा बेताल गडी झेपत नाही. परिणाम म्हणजे आवाज हळूहळू सरकत जातो, पाच मिनिटांनी ओठ वेगळे आणि शब्द वेगळे. मीडियाइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर आहे. फाइल त्यात टाकली की 'फ्रेम रेट मोड'समोर 'व्हेरिएबल' की 'कॉन्स्टंट' ते लिहून येतं. व्हेरिएबल असेल तर हँडब्रेकमधून कॉन्स्टंट करून घ्या आणि मगच एडिटिंगला बसा. हेही मोफत. एखाद्याचं रक्त न तपासता त्याला सलाइन लावत नाहीत, तसं मीडियाइन्फो न बघता क्लिप टाइमलाइनवर घेऊ नये असं माझं मत आहे.

आणि काही गचके तर मशिनचे नसतातच. २५ फ्रेम्सचा व्हिडिओ ६० हर्ट्झच्या स्क्रीनवर बघितला की काही फ्रेम्स दोन ठोके थांबतात, काही तीन. कॅमेरा आडवा फिरताना हे किंचित थरथरल्यासारखं दिसतं. सॉफ्टवेअर एकही फ्रेम सोडत नसतं. दुसरं उदाहरण आपल्या विजेचं. ५० हर्ट्झवर चालणारे अनेक दिवे सेकंदाला १०० वेळा उजळतात आणि मंदावतात. डोळ्याला कळत नाही, १२० फ्रेम्सच्या कॅमेऱ्याला कळतं. १२० वजा १०० म्हणजे सेकंदाला २० वेळा उजेडाची लाट येते. पाचपट स्लो केलं की सेकंदाला ४ वेळा हॉल लुकलुकतो. सिग्नल्सच्या पेपरात अ‍ॅलियासिंगवर आठ मार्कांचं उत्तर लिहिणारी पोरं याला 'ग्राफिक्स कार्डचा प्रॉब्लेम' म्हणतात, तेव्हा हसावं की रडावं कळत नाही! कॅमेऱ्यात पाल निवडून १०० फ्रेम्सवर शूट केलं तर ही लाट येत नाही. हा इलाज शूटिंगच्या वेळीच करायचा असतो, नंतर पस्तावून उपयोग नाही.

नाडी कशी बघायची?

क्रम सोपा आहे. आधी खरंच फ्रेम्स गळतायत का ते पाहा. प्रीमियरमध्ये 'ड्रॉप्ड फ्रेम इंडिकेटर' चालू केला की फ्रेम गळताच हिरवा ठिपका पिवळा होतो. रिझॉल्व्हमध्ये तो लाल होतो आणि शेजारी प्रत्यक्ष वेगही दिसतो. ठिपका हिरवाच असेल तर दोष प्लेबॅकचा नाही, स्क्रीनचा किंवा शूटिंगचा आहे.

गळत असतील तर कधी गळतायत ते पाहा. पहिल्या सेकंदापासून गळत असतील तर संशय डिकोडिंगवर. फक्त इफेक्ट लावलेल्या जागी गळत असतील तर संशय ग्राफिक्सवर. इफेक्ट बंद करून बघा, खात्री होईल. सुरुवातीला छान चालून पाच-सात मिनिटांनी बिघडत असेल तर हात लॅपटॉपच्या पोटाखाली घाला. बहुधा तापलाय आणि वेग आपोआप कमी केलाय. आमच्या एका डेस्कटॉपचा 'जुना झालाय' म्हणून निकाल लावला होता. फॅन उघडला तर आत गालिचा निघाला, धुळीचा! ब्रश मारला, डेस्कटॉप पुन्हा धावायला लागला. लॅपटॉप चार्जरला लावलाय का हेही बघा. बॅटरीवर बरेच लॅपटॉप जाणूनबुजून हळू चालतात.

मग इलाज. प्लेबॅकचं रिझोल्यूशन अर्धं किंवा पाव करा. यानं इफेक्ट्सचा भार हलका होतो, मात्र डिकोडिंगचा तितका होईलच असं नाही. तेवढ्यानं भागलं नाही तर प्रॉक्सी. प्रॉक्सी म्हणजे मूळ क्लिपची हलकी, लहान नक्कल. ९६० गुणिले ५४० ची केली तर पिक्सेल फुल एचडीच्या एक चतुर्थांश. ती प्रोरेस किंवा डीएनएक्सएचआरसारख्या कोडेकमध्ये बनवली, की प्रत्येक फ्रेम आपापल्या पायावर उभी असते, मागची पानं चाळायची गरजच नाही. एडिटिंग नकलेवर करायचं, फायनल एक्सपोर्ट सॉफ्टवेअर मूळ फाइलवरून करतं. प्रीमियर, रिझॉल्व्ह आणि फुकटातलं केडेनलाइव्ह, तिन्हीत ही सोय आहे. नकलेचा फ्रेम रेट मात्र मूळ क्लिपइतकाच ठेवा.

इथेही आंधळेपणा नको. कुणी म्हणेल, मग नक्कल पूर्ण आकाराचीच करू. करा, पण आधी गुणाकार करा. फुल एचडीत ३० फ्रेम्सना प्रोरेस ४२२ सेकंदाला साधारण १४७ मेगाबिट घेतं. १२० ला चौपट, म्हणजे ५८८ मेगाबिट, जवळजवळ ७३ एमबी. आता यूएसबी २.० ची केबल पुरणार नाही! मघाशी निर्दोष सुटलेली डिस्क आता खरी आरोपी झाली. अडथळा नाहीसा झाला नाही, त्यानं फक्त जागा बदलली. हाच तर इंजिनिअरिंगचा धडा आहे आणि तो पुस्तकात मिळत नाही.

"एवढा वेळ कुणाकडे आहे?"

हा आक्षेप मला नेहमी ऐकावा लागतो आणि तो अगदीच खोटा नाही. गॅदरिंग परवावर आलेलं असतं. प्रॉक्सी बनवायला वेळ लागतो, डिस्कवर जागा लागते. ५४० च्या नकलेवर फोकस नीट आहे का ते कळत नाही, त्यासाठी मूळ क्लिप उघडावीच लागते. सगळं मान्य. पण वर सांगितलेल्या तपासण्यांना दहा-पंधरा मिनिटं लागतात आणि प्रॉक्सी आपण झोपलेलो असताना बनतात. नवं कार्ड मात्र ऑर्डर करून, येऊन, बसवून, ड्रायव्हर टाकून आठवडा खातं, आणि शेवटी क्लिप अडखळतेच!

दुसरा आक्षेप, "म्हणजे कधीच काही विकत घ्यायचं नाही का?" घ्यायचं ना! चार कॅमेऱ्यांचं फोरके १२० एकाच वेळी चालवायचं असेल, वर नॉइज रिडक्शन लावायचं असेल, तर जुना डेस्कटॉप खरोखर हात टेकतो. तेव्हा बेधडक मागणी करा. पण मागणीसोबत पुरावा जोडा, की अमुक भाग शंभर टक्क्यांवर जातोय, म्हणून अमुक वस्तू हवी. असा कागद एचओडींसमोर ठेवला तर मंजुरीची शक्यताही वाढते, हा बोनस.

आता शेवटचा आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. 'मशिन झेपत नाही' या वाक्यानं फक्त पैसे जात नाहीत, माणसं जातात. दरवर्षी व्हिडिओ टीमसाठी मुलं येतात. मागच्या वर्षी सेकंड इयरची एक मुलगी आली होती. कट कुठं घ्यायचा याची तिला उपजत जाण होती. पण दारातूनच म्हणाली, "दादा, माझा लॅपटॉप आठ जीबीचा आहे, ग्राफिक्स कार्ड पण नाही. मला नाही जमणार." हे तिला कुणी शिकवलं? आपणच. 'तुझ्याकडे कुठला लॅपटॉप आहे?' हा आपला पहिला प्रश्न असतो, 'तू काय बनवलंयस?' हा नंतरचा. म्हणजे ज्याच्या घरी पैसे जास्त तो एडिटर! गावाकडून आलेला, दादाचा जुना लॅपटॉप वापरणारा मुलगा वायरी गुंडाळायला. तिला आम्ही प्रॉक्सी करून दिल्या. त्याच आठ जीबीवर तिनं डिपार्टमेंटची फिल्म कापली आणि ती तुम्ही सगळ्यांनी गॅदरिंगमध्ये पाहिली. टाळ्या वाजवताना लॅपटॉपचं कॉन्फिगरेशन कुणी विचारलं नाही!

नुकसान अभ्यासातही होतं. समजा प्रोजेक्टमध्ये एक मीटरवरून वस्तू खाली पडताना २४० फ्रेम्सवर शूट केली. तिला सुमारे ०.४५ सेकंद लागतात, म्हणजे १०८ फ्रेम्स. तीच क्लिप ३० च्या टाइमलाइनवर जशीच्या तशी टाकून फ्रेम्स मोजल्या तर तेरा-चौदाच भरतात, बाकीच्या सॉफ्टवेअरनं टाकून दिलेल्या असतात. १०८ मध्ये एका फ्रेमची चूक झाली तर गुरुत्वाकर्षणाच्या उत्तरात दोनेक टक्क्यांचा फरक पडतो. तेरामध्ये एकाची चूक झाली तर पंधरा टक्क्यांच्या आसपास! गाडीच्या सस्पेन्शनची टेस्ट असो की रोबोटचा हात, हाय फ्रेम रेटचं फुटेज हे नुसतं चित्र नाही, ते रीडिंग आहे. टाइमलाइननं ते गाळलं हे ज्याला कळत नाही, तो रिपोर्टमध्ये चुकीचा आकडा आत्मविश्वासानं लिहिणार. एक्स्टर्नलला कळलं नाही म्हणून तो बरोबर ठरत नाही.

म्हणून माझ्या तीन मागण्या आहेत. एक, व्हिडिओसाठी कुठलंही हार्डवेअर मागताना टास्क मॅनेजरचा ग्राफ आणि मीडियाइन्फोची नोंद जोडणं सक्तीचं करा. दोन, हाय फ्रेम रेटवर फक्त तेच शॉट घ्या जे स्लो करायचे आहेत, भाषणं आणि सत्कार २५ वर पुरे. प्रमुख पाहुण्यांचा हार १२० फ्रेम्समध्ये पाहण्याची कुणाचीही इच्छा नाही! तीन, लॅबमधले कॉम्प्युटर रात्री रिकामे असतात. सेमिस्टरचे ते पंधरा दिवस त्यांच्यावर प्रॉक्सी बनवायची परवानगी द्या, म्हणजे ज्याच्याकडे जसा लॅपटॉप असेल त्यावर त्याला काम करता येईल.

यात खर्च जवळजवळ काहीच नाही. लागते ती फक्त एक सवय: अडलं की बोट दाखवण्याआधी मोजायचं. उद्या नोकरीत समोर क्लिप नसेल, पंप असेल, पूल असेल, नाहीतर सर्व्हर असेल. तिथेही 'झेपत नाहीये' म्हणणारे पुष्कळ भेटतील. 'कुठं अडतंय ते बघू' म्हणणारे कमी असतात, आणि पगार त्यांनाच मिळायला हवा.